कलदार, हाली आणि गव्हर्नरची सही



गेल्या महिन्यात याच सदरात मुदत ठेवींवर लिहिलं आणि फोन सुरू झाले. बहुतेकांची तक्रार एकच, व्याज कमी झालं, आता करायचं काय? काचीगुड्याच्या एका काकांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "तुम्ही लिहिलंत, रिझर्व्ह बँकेनं दर कमी केला. अहो, रिझर्व्ह बँक कुणाची? सरकारची. मग सरळ लिहा ना, सरकारनं कमी केला. हे मधलं सोवळं कशाला?"

सोवळं! छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली, पण सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातल्या अंतराला इतका नेमका शब्द कधी ऐकला नव्हता. काकांना तेव्हा "बघते, लिहिते" म्हणून फोन ठेवला. तर आज तेच सोवळं.

सुरुवात आमच्या जेवणाच्या टेबलापासून करते. २०२५च्या फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आला. कोंडापूरच्या फ्लॅटचं कर्ज फेडणाऱ्या माझ्या मुलाला आनंद झाला, कारण त्याचे हप्ते कमी झाले. त्याच सुमाराला माझी ठेव सुटली आणि मला ती कमी व्याजानं परत ठेवावी लागली. त्याचा फायदा तो माझा तोटा, आणि वाढणारी आमटी एकाच पातेल्यातली! आता दर किती असावा हे आमच्या घरात कोणी ठरवायचं? मुलाला विचारलंत तर तो शून्य म्हणेल. मला विचारलंत तर मी दहा म्हणेन.

आणि टेबलावर न दिसणारा एक तिसरा आहेच. तो म्हणजे सरकार. देशात सगळ्यात जास्त कर्ज घेणारा तोच. दर खाली राहिला तर त्याचं व्याज वाचतं, आणि नोटा छापायची किल्ली हातात आली तर कर्ज काढायचीही गरज नाही. म्हणून किल्ली दुसऱ्याच्या कमरेला अडकवायची, ही या सोवळ्यामागची सगळी गोम आहे.

आपल्या हैदराबादकरांना हे समजायला खरं तर सोपं आहे. बाबांच्या तोंडी शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द होते. हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया, त्यावर चारमिनार. कलदार म्हणजे इंग्रजांचा. बाबांना पगार हालीत मिळायचा आणि धाकटे काका शिकायला सोलापूरला, म्हणजे इंग्रजी मुलखात. त्यांना पैसे पाठवायचे तर सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. दर महिन्याला तो हिशेब करून बाबांचा सातचा पाढा आयुष्यभर पक्का राहिला. त्या हालीचा कारभार बघायला १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली, गनफाउंड्रीतली. पण ती बँकही संस्थानची, टांकसाळही संस्थानची आणि खजिनाही संस्थानचाच. सोवळं वगैरे काही नाही, सगळं एकाच चुलीवर. हाली १९५९पर्यंत चालला.

कलदारच्या मुलखात तेव्हा निराळा प्रयोग सुरू झाला होता. १ एप्रिल १९३५ला रिझर्व्ह बँक उघडली ती खासगी भागधारकांची म्हणून. पाच कोटींचं भांडवल, शंभर रुपयांचा एक भाग. सरकारी मालकी नको, म्हणजे राजकारण आत येणार नाही, असा त्यामागचा विचार. कागदावर सुरेखच. पण पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थसदस्य जेम्स ग्रिग यांचं रुपयाच्या विनिमय दरावरून आणि व्याजदरावरून पटेना. १९३७च्या मध्याला स्मिथ राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ साली निघाली आणि तिच्यावर पुढचे गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही आहे. तेव्हा मालकी खासगी असली म्हणजे बँक स्वतंत्र, हा समज पहिल्या दोन वर्षांतच निकालात निघाला.

टेलर गेले आणि ऑगस्ट १९४३मध्ये त्या खुर्चीवर पहिला भारतीय बसला, चिंतामण द्वारकानाथ देशमुख. महाडजवळच्या नात्याचे. मॅट्रिकला पहिले, आयसीएसला पहिले, संस्कृतचा व्यासंग असा की कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. आपल्या घरांतून त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण त्यांची खुर्ची कशी होती तेही बघा. युद्ध चालू होतं. इंग्रज सरकार इथून माल उचलत होतं आणि त्याबदली लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा करत होतं. त्या पौंडांच्या तारणावर इथे नोटा काढल्या जात. युद्ध संपेपर्यंत नोटांचं चलन सहापटीच्या वर गेलं. माल तिकडे आणि कागद इकडे, मग भाव चढणारच. गव्हर्नर कितीही विद्वान असो, कायद्यानं त्याला हा ओघ थांबवता येत नव्हता.

१ जानेवारी १९४९ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेही देशमुखांच्याच कारकिर्दीत. भागधारक गेले, सगळे भाग सरकारकडे आले. त्याच वेळी कायद्यात एक कलम आलं, सातवं. सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून बँकेला आदेश देऊ शकतं, असा त्याचा अर्थ. काका, तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा आहे. गव्हर्नर सरकार नेमतं. डेप्युटी गव्हर्नर जास्तीत जास्त चार, तेही सरकार नेमतं. केंद्रीय संचालक मंडळावरची बाकीची माणसं, उद्योगातली, अभ्यासक आणि दिल्लीचे दोन अधिकारी धरून, सगळी सरकारच नेमतं. गव्हर्नरची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, ती वाढवायची की नाही हेही सरकार ठरवतं, आणि अकराव्या कलमाखाली त्याला काढूही शकतं. कायदा वाचून सोवळं शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.

मग ते असतं कुठे? मला विचाराल तर रीतीत. आणि रीत मोडली की आवाज होतो, त्या आवाजात.

असा पहिला मोठा आवाज १९५७चा. देशमुख नंतर अर्थमंत्री झाले होते आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णमाचारी आले. त्यांनी हुंड्यांवरची स्टँप ड्युटी वाढवायचं ठरवलं. दिसायला साधा कर, पण बँकांना रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेणं त्यानं महाग झालं. थोडक्यात, रिझर्व्ह बँकेला न विचारता दिल्लीनं दर वाढवला. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. दर हा बँकेचा विषय, कराच्या वाटेनं तो बदलायचा नाही. कृष्णमाचारींचं म्हणणं होतं, रिझर्व्ह बँक म्हणजे अर्थखात्याचाच एक विभाग. पंडित नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली. साडेसात वर्षं गव्हर्नर राहिलेले रामा राव जानेवारी १९५७मध्ये राजीनामा देऊन घरी गेले. इतकी वर्षं त्या खुर्चीवर त्यांच्याशिवाय दुसरं कोणी राहिलेलं नाही.

पण आवाज न करता मोडलेली रीत जास्त महाग पडते. १९५५च्या जानेवारीत सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. सरकारची रोख शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की ९१ दिवसांच्या हुंड्या आपोआप निघायच्या, त्या रिझर्व्ह बँकेनं घ्यायच्या आणि सरकारच्या खात्यात पैसे जमा करायचे. या हुंड्यांना म्हणत 'ॲड हॉक', तात्पुरत्या. मुदत संपली की जुन्याच्या जागी नवी. तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण बेचाळीस वर्षं चाललं. १९७४पासून त्यांवरचं व्याज ४.६ टक्क्यांवर जे बांधलं ते शेवटपर्यंत तेवढंच. आणि १९५५ साली अर्थमंत्री कोण होते? देशमुख. एके काळी खुद्द गव्हर्नर असलेला, इतका सचोटीचा माणूस. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा लागलंच. ही व्यवस्था पुढे इतकी फुगेल असं तेव्हा कुणाच्या मनात नसावं. पण खुर्ची बदलली की निकड बदलते, आणि सचोटीच्या माणसालाही खजिन्याच्या बाजूला बसलं की पलीकडची कडी थोडी सैल हवीशी वाटते.

या सैल कडीची किंमत काय, ते मला आत्याच्या पाटल्यांवरून कळलं. १९७२ साली तिनं बाराशे रुपये तीन वर्षांच्या ठेवीत ठेवले, मुलीच्या लग्नात पाच तोळ्यांच्या पाटल्या करायच्या म्हणून. तेव्हाच्या भावानं तेवढ्यात त्या बसत होत्या. १९७५ला ठेव सुटली, व्याजासकट पंधराशेच्या आसपास आले, आणि सराफानं सांगितलं, अडीच तोळे होतील. आत्याला वाटलं सराफ फसवतोय. भांडून आली बिचारी. सराफाची काहीच चूक नव्हती. १९७४-७५ या एका वर्षात घाऊक भाव सरासरी २५ टक्क्यांनी वाढले होते आणि ठेवीला त्याच्या निम्मंही व्याज नव्हतं. सगळा दोष छापलेल्या नोटांच्या माथी मी मारणार नाही. १९७२चा दुष्काळ होता, १९७३ला तेल भडकलं, सोनं तर जगभर चढलं. पण असे दिवस येतात तेव्हाच कुणीतरी खजिन्याला "आता बस" म्हणायला लागतं, आणि हुंड्या आपोआप निघत असतील तर तसं म्हणायची वेळच येत नाही.

ही खिडकी बंद झाली ती कोणताही कायदा न बदलता. सप्टेंबर १९९४मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी करार केला की तीन वर्षांत ॲड हॉक हुंड्या संपवायच्या. अर्थमंत्री होते मनमोहन सिंग, जे स्वतः १९८२ ते १९८५ गव्हर्नर होते, आणि गव्हर्नर होते सी. रंगराजन. १ एप्रिल १९९७पासून हुंड्या बंद. सरकारला आता ठरलेल्या मर्यादेपर्यंत थोड्या दिवसांची उचल मिळते, ती तीन महिन्यांच्या आत फेडायची, म्हणजे आपल्या पगारावरच्या ॲडव्हान्ससारखी. पुढे एप्रिल २००६पासून सरकारचे नवे रोखे रिझर्व्ह बँकेनं थेट घेणंही कायद्यानं थांबलं. बाजारात आलेले रोखे मात्र ती घेऊ शकते आणि घेते. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात असे तीन लाख कोटींहून अधिक घेतले. पुढचं दार बंद, खिडकी किलकिली, असं म्हणा हवं तर. पण खिडकी किती उघडायची ते मुंबईत ठरतं, हा फरक लहान नाही.

दराचं म्हणाल तर २०१६पासून तो एकटा गव्हर्नरही ठरवत नाही. सहा जणांची पतधोरण समिती आहे. तिघं रिझर्व्ह बँकेचे, तिघं बाहेरचे. बाहेरचे तिघं सरकार नेमतं, पण चार वर्षांसाठी आणि पुन्हा नेमता येत नाही. म्हणून पुढच्या नेमणुकीसाठी कुणाचं मन राखायची त्यांना गरज नाही. मतं तीन-तीन झाली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. कोणी कुठे मत दिलं तेही जाहीर होतं. महागाई चार टक्के ठेवायची, दोन खाली दोन वर चालेल, हे लक्ष्य सरकारनं ठरवलं. ते गाठायचं कसं, ते समितीनं. मला ही वाटणी पटते. कुठे जायचं ते घरधन्यानं सांगावं, गाडी चालवताना स्टिअरिंगला हात लावू नये.

लावला तर काय होतं ते तुर्कस्ताननं दाखवलं. २०१९ ते २०२१ या काळात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तीन गव्हर्नर काढले. व्याज वाढवलं की महागाई वाढते, असं त्यांचं उलटं गणित. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथली महागाई ८५ टक्क्यांवर होती. आत्याच्या पाटल्या तिथे किती घरांत झाल्या असतील!

आपल्याकडेही हात स्टिअरिंगजवळ गेलेला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ला मी नोकरीत होते. दुसऱ्या दिवशी बँका बंद, आणि १० तारखेपासून आमच्या शाखेपुढच्या रांगा कुठे संपत होत्या ते मला काउंटरवरून दिसत नसे. नोटा रद्द करायच्या तर कायद्याप्रमाणे शिफारस रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळानं करायची असते. ती झाली, पण कशी? सरकारनं ७ तारखेला बँकेला कळवलं, मंडळ ८च्या संध्याकाळी बसलं, आणि रात्री आठला घोषणा. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३मध्ये चार विरुद्ध एक मतानं ही प्रक्रिया वैध ठरवली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं, आणि त्यांचा रोख याच घाईवर होता, की बँकेनं स्वतंत्रपणे विचार केल्याचं दिसत नाही. निकाल बहुमताचा, तो मान्य. पण रांगेतल्या माणसांकडे बघताना मला वाटत होतं, हे ज्यांना सगळ्यात आधी ठाऊक हवं त्यांनाही एक दिवसच मिळाला.

दोन वर्षांनी, २०१८ला, ते सातवं कलम चर्चेत आलं. तोवर ते कुणी वापरलं नव्हतं. बँकेकडची गंगाजळी किती हवी आणि सरकारला त्यातली किती द्यायची, यावरून ताणलं गेलं होतं. डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी ऑक्टोबरमध्ये मुंबईत जाहीर भाषणात धोक्याची घंटा वाजवली. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. पुढे बिमल जालान समितीनं गंगाजळीचं सूत्र घालून दिलं आणि ऑगस्ट २०१९मध्ये सरकारला १,७६,०५१ कोटी मिळाले. सूत्र ठरलं हे बरंच झालं. दर वर्षी ओढाताण करण्यापेक्षा आकडा नियमानं निघावा. तरी ते सूत्र एका राजीनाम्यानंतर आलं, हेही विसरता येत नाही.

आपल्या शहराशी नातं असलेले माजी गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्या नावावर एक किस्सा सांगतात. रिझर्व्ह बँक कितपत स्वायत्त आहे असं कुणी विचारलं, तर ते म्हणाले म्हणे, पूर्ण स्वायत्त आहे, आणि हे सांगायची परवानगी मी अर्थमंत्र्यांकडून घेतलेली आहे. हैदराबादी मिस्कीलपणा आहे हा, पण सातव्या कलमाचा एवढा छोटा सारांश दुसरा नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर छापण्याआधी काकांना फोन केला आणि थोडक्यात वाचून दाखवलं. त्यांना पाकिटातली नोट काढायला सांगितली. दहाची असो की पाचशेची, देण्याचं वचन देणारी सही गव्हर्नरची. मग जुनी एक रुपयाची नोट असेल तर बघा म्हटलं. ती त्यांनी देवघरातून, आहेराच्या पाकिटांच्या गठ्ठ्यातून शोधून आणली. तिच्यावर सही वित्त सचिवांची, आणि वचनाचं वाक्यच नाही, कारण एक रुपया सरकार स्वतः काढतं. "हौ की," काका म्हणाले, "इतकी वर्षं आहेर करतोय, कधी बघितलंच नाही."

मला वाटलं, पटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि ती समिती चुकली तर? महागाई आवरली नाही तर तिला कोण विचारणार?"

म्हटलं, त्याचीही सोय आहे. सलग तीन तिमाह्या महागाई मर्यादेबाहेर राहिली तर बँकेनं सरकारला लेखी कळवायचं, का चुकलं आणि कधीपर्यंत आटोक्यात येईल. २०२२मध्ये ती वेळ आली. नोव्हेंबरमध्ये समितीची खास बैठक झाली आणि पत्र दिल्लीला गेलं.

"काय लिहिलं होतं त्यात?"

"ते जाहीर केलं नाही, काका."

"का?"

"ते जाहीर करावं असं कायद्यात नाही म्हणून."

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "महागाई आम्ही सोसली, आणि पत्र त्या दोघांत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.